बिनगिअरची सायकल, घाटाचा चढ व गुडघ्यांची निगा

वऱ्हाड प्रांताचे पूर्वीपासून दोन भाग मानीत आले आहेत. पूर्णेच्या खोऱ्यांतील सपाट काळा मुलूख तो पयानघाट, व त्याच्या दक्षिणेस डोंगररांगेवर पसरलेलें उंच पठार तें बालाघाट. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झालेला आपला वाशीम जिल्हा या दुसऱ्या भागांत मोडतो. अकोल्यापेक्षां वाशीम शहर सुमारें अडीचशें मीटर उंच आहे. पातुराहून मेडशीकडे येणारास ही उंची घाटाच्या रूपानें भेटते. परंतु ज्यास घाट चढावयाचा नाहीं त्यासही चढ चुकत नाहीं. पैनगंगा, अडाण, अरुणावती, काटेपूर्णा व त्यांस मिळणारे नाले यांनीं हें पठार ठिकठिकाणीं चिरलेलें आहे. गांवांतून शिवारांत जावयाचें म्हणजे एक नाला उतरावयाचा व पलीकडची धडी चढावयाची, हा पुष्कळ गांवांचा नित्याचा क्रम आहे.

मोटारसायकली आतां घरोघरीं झाल्या हें खरें. तरी सायकल गेलेली नाहीं. सालगडी तिच्यावरून शेतांत जातो, दूधवाला तिच्यावर कॅन बांधतो, मानव विकास कार्यक्रमांतून मिळालेल्या सायकलीवर गांवच्या मुली शाळेंत जातात. या बहुतेक सायकली बिनगिअरच्या असतात आणि तसें असण्यांत मोठी सोय आहे. भाग थोडे, मोडतोड थोडी, व दुरुस्ती कोणत्याही गांवीं होते. तिचा एकच दोष असा कीं, सपाटीवर जी चाल तिला शोभते, तीच चाल ती चढावरही मागते. आणि ती मागणी स्वाराच्या गुडघ्यांस व कमरेस पुरवावी लागते.

आमच्या पाहण्यांतील एका सालगड्याची गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. मालकानें त्यास जुनी सायकल दिली. तिची सीट पूर्वीच्या बुटक्या माणसाच्या मापाची होती. ती वर करावी हें कोणास सुचलें नाहीं. उन्हाळाभर तो गडी नाल्याची धडी चढून खताचीं पोतीं शेतांत पोंचवीत होता. ज्येष्ठांत त्याचा उजवा गुडघा पुढून दुखूं लागला, आणि पहिला पाऊस पडून वाफसा आला त्या आठवड्यांत तो सुजला. तिफणीमागें चालणें बाजूसच राहिलें, त्यास उकिडवें बसतां येईना. पेरणी आठ दिवस लांबली, गड्याची मजुरी बुडाली. पान्ह्यानें एक नट सैल करून सीट चार बोटें वर उचलणें एवढाच त्यावर प्रथमचा उपाय होता, व तो फुकट होता.

चढाचा हिशेब

कोणत्याही मागणीचा आधीं आकार काढावा, मग ती कशी फेडावी तें ठरवावें, ही महसूल खात्यांत आम्हांस लागलेली संवय आहे. चढाचाही आकार काढतां येतो.

समजा, स्वाराचें वजन ६० किलो, सायकलीचें २० किलो व कॅरिअरवरील ओझें २० किलो, मिळून १०० किलो झालें. रस्ता विसांत एक चढतो, म्हणजे २० मीटर गेलें असतां १ मीटर उंची येते. अशा चढावर या शंभर किलोंस मागें ओढणारें बळ त्यांच्या विसाव्या हिश्श्याइतकें, म्हणजे ५ किलो वजनाइतकें असतें. हें फार नाहीं असें वाटेल. परंतु तें पायास कसें लागतें तें पाहावें. चाक २८ इंची, पुढील चक्रास ४४ दांते व मागील फ्रीव्हीलास १८ दांते असल्यास पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें ५.४६ मीटर पुढें जाते. त्याच वेळांत साडेसहा इंची क्रँकच्या टोकावरील पाऊल फक्त १.०४ मीटर फिरतें. अंतर सव्वापांच पट कमी, म्हणून जोर सव्वापांच पट अधिक. पांच किलोंचे पायावर सव्वीस किलो झाले. यांत रस्त्याचें घर्षण व समोरचा वारा धरलेला नाहीं.

ही झाली सरासरी. पायडल अगदीं वर किंवा अगदीं खालीं असतांना दाबाचा उपयोग जवळजवळ शून्य होतो. म्हणून मधल्या टप्प्यांत तो सरासरीच्या दीडपट, म्हणजे ४० किलो द्यावा लागतो. चढ दहांत एक झाला कीं हे आंकडे दुप्पट होतात. मधल्या टप्प्यांतील दाब ८० किलोंवर जातो. ज्याचें स्वतःचें वजन साठच किलो आहे, त्यानें पायडलावर सर्व भार टाकून उभें राहिलें तरी वीस किलो कमीच पडतात. ती तूट तो हातांनीं हँडल वर ओढून व कंबर ताणून भरून काढतो. चढ चढल्यावर पाठ कां धरते याचें उत्तर या वजाबाकींत आहे.

आणखी एक गोष्ट. सपाटीवर ताशीं १८ किलोमीटर वेगानें जातांना याच सायकलीचें पायडल मिनिटास सुमारें ५५ फेरे घेतें. चढावर वेग ताशीं ८ वर आला कीं फेरे २४ वर येतात. फेरे थोडे व प्रत्येक फेऱ्याचा दाब मोठा, हीच स्थिति गुडघ्याच्या वाटीस सर्वांत जाचक होय. वाटी व तिच्या मागचें हाड यांवर हा दाब गुडघा वांकलेला असतांना येतो. आणि गुडघा जितका अधिक वांकलेला, तितका तो दाब वाढतो.

आपल्या वाटेचा चढ कसा मोजावा

एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्यावी. तिचें एक टोक चढाच्या वरच्या बाजूस जमिनीवर टेकवावें, दुसरें टोक गवंड्याच्या पाणसळीनें पट्टी समपातळींत येईपर्यंत उचलावें, आणि उचललेल्या टोकाखालचें अंतर मोजावें. पांच सेंटिमीटर आल्यास चढ विसांत एक, दहा आल्यास दहांत एक. वाटेवर चार ठिकाणीं असें करावें.

हें केल्यावर एक नवल ध्यानांत येईल. ज्या घाटाचें नांव मोठें तो बहुधा सौम्य ठरतो, व ज्या नाल्यास नांवही नाहीं त्याची धडी अधिक खडी निघते. कारण उघड आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांप्रमाणें डोंगरी मुलखांतील रस्त्याचा नेहमींचा चढ विसांत एकपर्यंत व सपाट वा उंचसखल मुलखांतील रस्त्याचा तिसांत एकपर्यंत ठेवतात. पांदण रस्त्यास असा कोणी मापकरी नसतो. बैलगाडी जशी गेली तशी वाट पडली. म्हणून दुखापतीच्या दृष्टीनें घाटापेक्षां घराजवळच्या धडीचाच विचार अधिक करावा.

आकार तोच, हप्ते लहान

शंभर किलो वजन अडीचशें मीटर वर न्यावयाचें हें काम कोणत्याही सायकलीनें कमी होत नाहीं. त्यास सूट नाहीं. मात्र हप्ते बांधून घेतां येतात. मागील १८ दांत्यांच्या फ्रीव्हीलाऐवजीं २२ दांत्यांचें बसविल्यास एका फेऱ्यांत सायकल ५.४६ ऐवजीं ४.४७ मीटर जाते. विसांत एकच्या ५ किलोमीटर चढास पूर्वीं सुमारें ९१६ फेरे लागत, ते आतां सुमारें १,११९ लागतील. परंतु दर फेऱ्याचा सरासरी दाब सव्वीस किलोंवरून साडेएकवीसवर येईल. गुडघ्यास एकूण मागणीपेक्षां हप्त्याचा मोठेपणा अधिक जाचतो. सपाटीवर थोडा वेग जाईल. शेतावर जाणारास त्याची क्षिति नसावी. मोठें फ्रीव्हील बसवितांना साखळींत कड्या वाढवाव्या लागतात, हें मिस्त्रीस आधींच सांगावें. शाळेंत जाणाऱ्या मुलीच्या वाटेवर चढ असेल तर हा फेरफार अवश्य करून द्यावा.

सीट व पाऊल

सीटची उंची ठरविण्याची रीत सोपी आहे. एकानें सायकल धरावी, स्वारानें सीटवर बसावें, एक पायडल अगदीं खालीं न्यावें व त्यावर पायाची टांच ठेवावी. या स्थितींत पाय नुकताच सरळ झाला पाहिजे. मग प्रत्यक्ष चालवितांना पायाचा चवडा पायडलावर ठेवावा, म्हणजे गुडघ्यांत अल्प बांक राहतो, तोच इष्ट. सीट फार खालीं असल्यास गुडघा पुढून दुखतो. फार वर असल्यास गुडघ्यामागची शीर ताणते व बसणारा दोहों बाजूंस हेलकावे खातो, त्यानें बैठक सोलते. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेच पाहिजेत या भीतीनें पुष्कळ लोक सीट खालीं ठेवतात. थांबतांना सीटवरून पुढें उतरून पाय टेकावा. त्यासाठीं सीट खालीं ठेवण्याचें कारण नाहीं.

सीट सपाट असावी. पुढचें टोक वर असल्यास नाजूक भागास मार व बधिरता येते. खालीं झुकलें असल्यास सर्व भार हातांवर येऊन करंगळी व तिच्या शेजारचें बोट बधिर होतें. पायाच्या खोलगट मध्यभागानें पायडल दाबूं नये. एकाच सायकलीवर बाप, मुलगा व गडी बसत असतील तर सीटच्या दांड्यावर प्रत्येकाच्या मापाची खूण रंगानें करून ठेवावी.

चढतांना

घरून निघून लगेच चढास भिडूं नये. पहिलीं आठदहा मिनिटें सपाटीवर हलक्या पायानें चालवावें, म्हणजे स्नायू ऊन होतात. वाटेंत तशी सपाटी नसेल तर तेवढा वेळ सायकल हातीं घेऊन चालावें. चढाच्या पायथ्याशीं एकदम जोर करून वेग घेण्याची हौस तरुणांस असते. ती पन्नास पावलांत संपते व उरलेला चढ धापा टाकीत जातो. लहान नाल्याची गोष्ट निराळी. तेथें समोरची वाट मोकळी व दिसत असेल तर उतारावरचा वेग उपयोगी आणावा.

सौम्य चढावर बसूनच चालवावें, सीटवर किंचित मागें सरकावें व हातांची पकड सैल ठेवावी. चढ वाढला म्हणजे उभें राहावें. मात्र उभें राहणें याचा अर्थ हँडलाशीं झोंबणें नव्हे. अंगाचा भार खालीं जाणाऱ्या पायडलाच्या वर आणावा व सायकल बेताची डुलूं द्यावी. गुडघे आंत वळूं देऊं नयेत. वीसतीस फेरे उभें राहून व मग थोडें बसून, असें आळीपाळीनें केल्यास एकाच स्नायूवर भार पडत नाहीं. नागमोडी चालविल्यानें चढ सौम्य होतो हें खरें, पण ती युक्ति निर्जन पांदणीपुरती ठेवावी. अकोला–वाशीम हमरस्त्यावर तसें करणें म्हणजे मागून येणाऱ्या वाहनापुढें जीव टाकणें होय.

आणि वेळेवर उतरावें. पायडल वरच्या टोकास अडूं लागलें, पुढचें चाक डगमगूं लागलें, किंवा श्वासाअभावीं शेजारच्यास सबंध वाक्य बोलतां येईना, कीं उतरण्याची वेळ झाली असें समजावें. यांत कमीपणा नाहीं. १९१० सालीं तूर द फ्रान्स या फ्रान्समधील प्रसिद्ध सायकल शर्यतीचा मार्ग प्रथमच पिरेनीज पर्वताच्या उंच खिंडींतून नेला, तेव्हां ऑक्ताव लापीझ यानें चढाचा कांहीं भाग सायकल हातीं धरून चालत काढला. आणि त्या वर्षीं शर्यत त्यानेंच जिंकली. या शर्यतींत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा गिअर वापरण्याची मोकळीक १९३७ सालीं मिळाली. तोंपर्यंत कित्येक स्वार मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस निरनिराळ्या दांत्यांचीं चक्रें ठेवीत व घाटाच्या पायथ्याशीं चाक काढून उलटें बसवीत. जगांतील नामांकित स्वारांसही एका गिअरवर सर्व चढ चढणें परवडलें नाहीं. आपणांस तर वर गेल्यावर दिवसभर डवरणी करावयाची असते.

ओझें, साखळी व उतार

ओझें कॅरिअरवर, दोहों बाजूंस सारखें व शक्य तितकें खालीं बांधावें. हँडलास पिशवी लोंबवूं नये. चढावर मंद वेगांत तीच पुढचें चाक फिरविते. टायरांत हवा पुरी असावी. साखळीस तेल असावें व ती मध्यभागीं दाबली असतां अर्धा ते पाऊण इंच खालींवर व्हावी, अधिक नाहीं. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. उभें राहून सर्व भार टाकला असतां सैल साखळी उडाली, किंवा झिजलेल्या फ्रीव्हीलाचा आंतील खटका सुटला, तर पाय एकदम खालीं जातो व माणूस पुढच्या दांड्यावर किंवा रस्त्यावर आदळतो. क्रँकची कॉटर पिन सैल असल्यास प्रत्येक फेऱ्यास टक् असा धक्का पायास लागतो. तो ऐकूं येतांच पिन बदलावी.

चढास उतार आहेच, आणि चढतांना माणूस दुखावतो तर उतरतांना तो मोडतो. उतार लागण्यापूर्वीं दोन्ही ब्रेक दाबून पाहावे. दोन्ही मिळून, थोडे थोडे व आरंभापासून लावावे. वेग बळावल्यावर एकदम पुढचा ब्रेक आवळल्यास सायकल उलटते. पावसांत चाकाच्या लोखंडी कडेवर रबर फार कमी धरतें, म्हणून अंतर दुप्पट राखावें. ब्रेकविषयीं शंका असल्यास किंवा मागें पोतें असल्यास खडा उतार चालतच उतरावा.

साधें अंग दुखणें व दुखापत

नव्या श्रमानें मांड्या व पोटऱ्या दुसऱ्या दिवशीं दुखूं लागतात, दुसऱ्यातिसऱ्या दिवशीं अधिक दुखतात व पुढें आपोआप ओसरतात. हें दुखणें दोन्ही पायांस सारखें व मांसल भागांत असतें. त्यास भिऊं नये. पूर्ण निजून न राहतां हलकें चालणें हा त्यावर चांगला उपाय आहे. ज्यानें पुष्कळ महिने सायकल चालविलेली नाहीं त्यानें पहिल्या आठवड्यांत एक दिवसाआड, ओझें न घेतां चढ करावा व पुढें दर आठवड्यास थोडें थोडें वाढवावें. पेरणीच्या दिवसांतच आरंभ करणें हें सर्वांत वाईट.

जें दुखणें एकाच सांध्यांत, ठराविक जागीं, टोंचल्यासारखें होतें, जें चढतांनाच उठतें व रात्रींही राहतें, तें दुखापतीचें समजावें. त्या सांध्यास चढ बंद करावा, सीटचें माप पुन्हां पाहावें, व पहिले दोन दिवस दिवसांतून चारपांच वेळां गार पाण्याची घडी पंधरावीस मिनिटें ठेवावी. ताज्या सुजेवर जोरानें चोळणें व शेकणें टाळावें. गुडघा अडकून बसणें, एकाएकीं सुजणें, पायावर भार न घेतां येणें, किंवा कमरेपासून पायांत मुंग्या व बधिरता उतरणें यांपैकीं कांहींही झाल्यास घरगुती उपाय न करतां डॉक्टरांकडे जावें. चढावर छातींत आवळल्यासारखें होऊन कळ हातांत किंवा जबड्यांत गेली, तर तेथेंच सायकल टाकून बसावें व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रक्तदाब किंवा मधुमेह असणारानें व पुष्कळ वर्षांनीं चढ करूं पाहणाऱ्या प्रौढानें आरंभापूर्वींच डॉक्टरांस विचारावें.

वैशाख–ज्येष्ठांतील उन्हाविषयीं वेगळें सांगावयास नको. चढाचें काम सकाळीं नऊच्या आंत आटपावें, डोक्यास रुमाल असावा. घाम फार गेला असतां मीठ घातलेलें ताक घ्यावें, अथवा एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तें थोडें थोडें घ्यावें. चमचा चहाचा धरावा.

मृगापूर्वीं आपण तिफण, डवरा, जोतीं व दोर तपासतों. त्याच दिवशीं घरांतील सायकली अंगणांत काढाव्या, ज्याची त्यानें सीट मापून घ्यावी, साखळी व ब्रेक पाहावे, आणि गड्यास व मुलीस चढावर कोठें उतरावयाचें तें ठिकाण दाखवून द्यावें. गडी आपणहून गुडघ्याचें दुखणें सांगत नाहीं. रोजी जाईल ही धास्ती त्यास असते. मुलगीही सांगत नाहीं. शाळा सुटेल ही तिला धास्ती असते. म्हणून ही विचारपूस घरच्या कर्त्या माणसानें आपण होऊन करावी, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.